श्रीनाथमहाराजांची एक पै

शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र आपण लहानपणापासून कीर्तनातून ऐकत आलो. रामेश्वराला न्यावयाची गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी झाली, एकाच्या थुंकण्यामुळे पुन्हा पुन्हा गोदास्नान घडले, घरी श्रीखंड्या बारा वर्षे पाणी भरीत राहिला, या कथा वारकऱ्याला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. बुवांनी नुसती सुरुवात केली की मागचे टाळकरी मान डोलवू लागतात. पण याच चरित्रात एक कथा अशी आहे की ती कीर्तनात फार तर पाच मिनिटांत उरकते. ती म्हणजे देवगडावरच्या हिशेबातील एका पैची. बुवा ती सांगतात, टाळी वाजवून दाखवतात, श्रोते हसतात, आणि कथा लगेच शूलभंजनाच्या डोंगराकडे चालू लागते.

आमच्या बेंबळीसारख्या गावात माळ घातलेले दुकानदार पुष्कळ असतात. कोणाचा किराणा, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचे खताबियाणांचे दुकान, कोणाच्या घरी शिलाईचे यंत्र, कोणाकडे बचत गटाची वही. त्यांच्यासाठी तरी या कथेपाशी जरा जास्त वेळ बसावे असे वाटते. म्हणून या खेपेस नाथांचे चरित्र त्या एका पैच्या बाजूने सांगतो. बाकीच्या कथा आपण जाणताच.

नाथांचा जन्म प्रतिष्ठानी, म्हणजे पैठणास, शके १४५५ (इ. स. १५३३) च्या सुमारास झाला. घराणे भानुदासांचे. विजयनगरास गेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती ज्यांनी परत पंढरीस आणली असे परंपरा सांगते, ते हे भानुदास. त्यांचे चिरंजीव चक्रपाणि, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी आपले नाथ. आईबापांचे छत्र फार लवकर हरपले आणि पोराला आजाआजीने वाढवले. अशा घरचे मूल एक तर लाडावते, नाही तर वयाआधी पोक्त होते. नाथ पोक्त झाले. पुराण ऐकावे, देवाशी बसावे, आणि मनात एकच ध्यास, गुरू कोण भेटेल. बाराव्या वर्षाच्या आसपास ते कोणास न सांगता घरातून निघाले आणि देवगडी श्रीजनार्दनस्वामींच्या पायाशी आले. आजाआजींनी त्या पोरासाठी किती शोक केला असेल तो करणाऱ्यानेच जाणावा.

देवगड म्हणजे देवगिरी, ज्यास दौलताबाद हे नाव पडले, तो किल्ला. त्या वेळी तो अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि जनार्दनस्वामी त्याचे किल्लेदार होते. स्वामी मूळचे चाळीसगावचे, देशपांडे घराण्यातले, श्रीदत्तात्रेयांचे अनन्य उपासक. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाथांना गुरू भेटले ते गुहेत बसलेले नव्हते. कचेरीत बसलेले होते. गडाचा बंदोबस्त, शिपायांचे पगार, धान्याची कोठारे, दारूगोळा, वरिष्ठांना पाठवायची कागदपत्रे, हे सगळे ज्यांच्या माथ्यावर, असे ते गुरू. त्यांनी दत्ताची उपासना आणि सरकारी चाकरी एकाच घरात नांदवली होती. गुरुवारी गडाचे कामकाज बंद ठेवून स्वामी ध्यानास बसत असे सांगतात. म्हणजे आठवड्याच्या बाकीच्या दिवशी कामकाज चालू असेच ना!

अशा गुरूकडे जो शिष्य राहील त्याला सेवा काय मिळणार? पाणी भरणे, पूजेची तयारी, पाय चुरणे हे तर होतेच. एकदा स्वामी समाधीत असता गडावर परचक्र आले तेव्हा नाथांनी स्वामींचा पोशाख अंगावर चढवून लढाई केली, हेही महिपतीबुवा सांगतात. पण नाथांकडे आणखी एक सेवा आली, ती हिशेबाची. गडाच्या जमाखर्चाचे कागद त्यांच्या हाती दिले गेले.

आता तो काळ डोळ्यांपुढे आणा. आज आपण म्हणतो जमा, खर्च, हिशेब, बाकी, वसूल, कारकून. हे सगळे शब्द त्या सुलतानी अमलात फारसी-अरबीतून आपल्या बोलीत आले आणि इतके मुरले की परके वाटत नाहीत. लिहायला मोडी, बोरू आणि दौत. आकडे मांडायचे तेही रकान्यात नीट बसवून, कारण एक आकडा शेजारच्या घरात सरकला की दहाचे शंभर. आधी कच्चा खर्डा, मग त्यावरून पक्की रोजकीर्द, कीर्दीवरून खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाचे पान, आणि शेवटी सगळ्याची तेरीज. जमेच्या बाजूस जे आले ते, नावे बाजूस जे गेले ते, आणि दोहोंतला फरक म्हणजे हातातली शिल्लक. कागदावरची शिल्लक आणि पेटीतली शिल्लक एक आली की मेळ बसला. नाही आली की रात्र गेली.

नाथांची ती रात्र गेली. हिशेब मांडून झाला आणि मेळात एका पैचा फरक राहिला.

या पैविषयी दोन शब्द. जुनी माणसे जाणतात की एका आण्याच्या बारा पै आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एका रुपयात १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा पै व्यवहारातून गेली. निजामशाहीच्या काळात चलनात होन, टके अशी नाणी होती. कथेत पै आली ती सांगणाऱ्यांच्या काळची, सगळ्यांत लहान नाण्याची खूण म्हणून. तेव्हा एक पै याचा अर्थ घ्यायचा तो एवढाच की ज्याच्याहून लहान काही नाही असा फरक. आजचा हिशेबनीस त्याला एक पैसा म्हणेल आणि सोडून देईल.

नाथांनी सोडला नाही. निजानीज झाली, गड शांत झाला, आणि हा तरुण समईजवळ कागद पसरून बसला. एकेक ओळ पुन्हा वाचायची, खर्ड्याशी ताडायची, बेरीज पुन्हा करायची. उजाडायला आले तेव्हा चूक सापडली. आनंद असा झाला की हातून टाळी वाजली. जनार्दनस्वामींना जाग आली की ते आधीपासूनच पाहत होते, याविषयी कथेकऱ्यांत एकमत नाही. पण त्यांनी विचारले आणि नाथांनी पैची हकीकत सांगितली. स्वामींच्या मनात आले, एका पैच्या चुकीसाठी जे मन रात्रभर हलले नाही, ते मन परमार्थाकडे लावले तर याला अशक्य काय? त्यांनी तसे नाथांस बोलून दाखवले आणि पुढे अनुग्रह झाला. मग शूलभंजनावरचे अनुष्ठान, श्रीदत्तदर्शन, सगळे आले.

कीर्तनात इथे एकच तात्पर्य निघते, की एकाग्रता हवी. ते खरेच आहे. पण वहीखात्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या कथेत आणखी काही दिसते आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मेळ न बसला की जाणता हिशेबनीस आधी फरकाकडे पाहतो. फरकाला नवाने भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. समजा ३६० लिहायचे तिथे ६३० लिहिले, फरक आला २७०, नवाने पुरा भाग जातो. ३६ चे ६३ झाले तर २७, तिथेही तेच. फरकाचा निम्मा करून पाहावा, कारण एखादी रक्कम भलत्या बाजूस पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. वसुलीचे ४५ रुपये जमेला धरायचे ते नावे पडले, तर फरक ९० चा. म्हणून निम्म्याची, म्हणजे ४५ ची रक्कम वहीत कुठे आहे ते शोधायचे. बेरजेत हातचा विसरला तर फरक सहसा दहा, शंभर, हजार असा गोल येतो. या खुणा दुकानदाराने पाठ कराव्यात, अर्धी रात्र वाचते.

आता नाथांचा फरक पाहा, एक पै. एकाला नवाने भाग जात नाही. एका पैचा निम्मा होत नाही, कारण अर्ध्या पैचे नाणेच नाही. पैच्या घरातला हातचा विसरला असता तर फरक आण्याचा पडला असता, पैचा नव्हे. म्हणजे जाणत्याच्या सगळ्या युक्त्या इथे निकामी. आडवाट नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालत जाणे हाच मार्ग. पंढरीची वाट काय वेगळी आहे? आळंदीहून निघालेल्याला सगळी गावे पायाखाली घालावीच लागतात.

तरीही कोणी विचारील, एका पैसाठी एवढे कशाला? स्वतःच्या कनवटीची एक पै टाकली असती तर मेळ बसला असता आणि झोपही मिळाली असती. याचे उत्तर हिशेबाच्या शास्त्रातच आहे. फरक एक पैचा दिसतो म्हणून चूकही एक पैचीच असेल असे नाही. एके ठिकाणी पाच रुपये जास्त पडले आणि दुसऱ्या ठिकाणी चार रुपये पंधरा आणे अकरा पै कमी पडले, तर खाली फरक दिसतो एकच पै. वर दोन मोठ्या चुका एकमेकींना मिठी मारून झोपलेल्या असतात. कनवटीची पै टाकणारा त्या दोन्ही चुकांवर पांघरूण घालतो, आणि त्या पांघरुणाखाली उद्या कोणाची चोरीही राहू शकते. म्हणून जाणते लोक सांगतात, लहान फरकाला जास्त भ्यावे.

शिवाय ते धन कोणाचे होते? नाथांचे नव्हते, स्वामींचेही नव्हते. ते गडाचे होते, म्हणजे शेवटी रयतेच्या घामाचे. आपल्या खिशातले आपण सांडू, उधळू, दान करू. दुसऱ्याचे जे आपल्या हाती विश्वासाने आले त्यातली पै सोडायचा अधिकार आपल्याला नाही. नाथांचा पुढचा सगळा संसार पाहिला तर हाच भेद त्यांनी जन्मभर पाळला असे दिसते.

स्वामींबरोबर नाशिक-त्र्यंबकापर्यंत तीर्थयात्रा झाली. तेथे चतुःश्लोकी भागवतावर नाथांनी पहिली ग्रंथरचना केली. पुढची यात्रा एकट्याने करून ते पैठणास आले. इकडे चक्रपाणि नातवाचा शोध काढीत देवगडी जाऊन स्वामींचे पत्र घेऊन आले होते. ते हाती पडले आणि जेथे पत्र वाचले तेथेच थांबावे ही गुरूंची आज्ञा नाथांनी मानली. गिरिजाबाईंशी विवाह झाला. गिरिजाबाईंसारखी गृहिणी होती म्हणून नाथांचा प्रपंच हाच परमार्थ झाला, हे आपल्या बायाबापड्या कीर्तनकारांच्या आधी सांगतात. गोदा, गंगा या मुली आणि हरिपंडित हा मुलगा. गोदेच्या पोटी मुक्तेश्वर कवी झाले.

नाथांच्या दारी अन्नदान अखंड असे. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढले तेव्हा गावाने बहिष्कार घातला, तरी हात आखडला नाही. इतक्या पंगती ज्या घरी उठतात तेथे धान्य किती आले, किती शिजले, उद्याला काय आहे, याकडे पाहणारे कोणी तरी हवे. उद्धव नावाचा शिष्य घरचे काम पाही असे चरित्रकार सांगतात. ज्यांनी कधी दिंडीची पंगत सांभाळली आहे ते ओळखतील की नुसत्या भक्तीने पाचशे माणूस जेवत नाही. डाळ किती, तांदूळ किती, तेल किती, हे आदल्या रात्री कोणी तरी बोटांवर मोजलेले असते.

गाढवाच्या कथेत मात्र नाथ मोजीत बसले नाहीत. काशीपासून खांद्यावर वाहिलेले पाणी, पण ते स्वतःचे पुण्य होते. स्वतःचे पुण्य पाजून टाकायला त्यांना क्षण लागला नाही. गडाची पै शोधायला मात्र रात्र घातली. दोन्ही नाथ एकच.

ग्रंथकार्यातही तो देवगडचा हिशेबनीस लपत नाही. एकादश स्कंधावरची भागवताची टीका त्यांनी पैठणास आरंभली आणि काशीस शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेस पुरी केली. अठरा हजारांहून अधिक ओव्या, एकतीस अध्याय. त्या आधी दोन वर्षे, शके १४९३ मध्ये, रुक्मिणीस्वयंवर झाले होते. पण मला वाटते, नाथांची सगळ्यांत मोठी हिशेबनिशी ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणात आहे. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. त्यास जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती. हाताने उतरवून घेण्याचे दिवस. एकाने शब्द चुकवला, दुसऱ्याने तो सुधारण्याच्या भरात आणखी बिघडवला, तिसऱ्याने आपल्या पदरची ओवी हळूच घुसडली. म्हणजे वहीत खाडाखोड झाली आणि मेळ बिघडला. माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली होती, तो दृष्टान्त होऊन नाथ आळंदीस गेले आणि नंतर त्यांनी हे काम हाती घेतले, हे सर्वश्रुत आहे. शके १५०६ (इ. स. १५८४) च्या भाद्रपदात कपिलाषष्ठीस ते पूर्ण झाले. प्रती ताडून पाहिल्या, अपपाठ काढले, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही शेवटी घातली. पारायणाला आज आपण जी ज्ञानेश्वरी मांडीवर घेतो ती या कष्टांतून आपल्यापर्यंत आली. ज्याला एक पै सलत होती त्याला एक अक्षर सलावे, यात नवल ते काय?

कचेरीचे दिवस त्यांच्या भारुडांतही उतरले. जोशी, गोंधळी, वासुदेव ही सोंगे आपण नाचवतो. पण अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी अशी कचेरीच्या कागदांची रूपकेही नाथांनी रचली आहेत. त्यांत शरीर हा परगणा होतो, जीव तिथला अंमलदार, बुद्धी कारकून, आणि धन्याकडे अर्ज गुदरला जातो. ज्याने गडावर तसले कागद रोज पाहिले त्यालाच हे सुचावे. आणि ज्या रयतेला कचेरीचे भय वाटे तिला कचेरीच्याच भाषेत देव समजावून सांगण्याची ही हातोटी केवळ नाथांची.

आता एक शंका वारकऱ्यांच्या मनात येतेच, तिचा निकाल लावू. लोक म्हणतात, नाथांनी पै शोधली खरी, पण तुकोबारायांनी तर सगळ्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या. मग माळकऱ्याने वही ठेवावी की बुडवावी? उधारी वसूल करायचा कंटाळा असलेले काही दुकानदार या कथेच्या आडोशाला बसतात, म्हणून नीट पाहू या. तुकोबांच्या घरी देहूची महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बसला. पुढे वैराग्य झाले तेव्हा येणे असलेल्या रकमांचे कागद त्यांनी नदीत टाकले. पण टाकण्याआधी त्यांनी काय केले? धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी केली. निम्मे कागद कान्होबांना दिले. बुडवले ते स्वतःच्या वाटणीचे. म्हणजे त्या क्षणीही हिशेब झाला होता, वाटे पडले होते, भावाच्या हक्काला धक्का लागला नव्हता. शिवाय बुडवले ते लोकांकडून येणे असलेले कागद. लोकांचे देणे कोणी बुडवत नाही, बुडवले तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत, दिवाळे म्हणतात. देवगडावर दुसऱ्याची पै जपली गेली आणि इंद्रायणीकाठी स्वतःची पेटी सोडली गेली. दोन्ही संत एकाच वाटेवरचे.

आपल्या संतमंडळींत धंदा करणारेच फार. बेंबळीहून जवळ असलेल्या तेरचे गोरोबाकाका मडकी घडवीत, अरणचे सावतोबा मळा पिकवीत, नरहरी सोनार दागिने घडवीत, संताजी जगनाडे यांचा तेलाचा घाणा होता. यांच्या दारी गिऱ्हाईक येई, उधार मागे, भाव पाडी. तेव्हा बाजारात बसूनही हरी जोडता येतो, हे सांगायला आपल्याला लांब जायला नको.

आमच्या मुलखात मागच्या पिढीच्या दुकानदारांनी हिशेबाची एक कसोटी सोसली आहे, जी पुण्यामुंबईकडच्यांना माहीत नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात. इथले नाणे हाली, आणि शेजारी बार्शीला इंग्रजी अंमल म्हणून तिथले नाणे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव. बार्शीच्या पेठेत माल घ्यावा कलदारात आणि गावी विकावा हालीत. त्यातून दोन्हीकडे आणे-पै. साधे सातवीपर्यंत न शिकलेले दुकानदार हे गणित तोंडी करीत आणि रात्री कीर्द पुरी केल्यावाचून हरिपाठाला उभे राहत नसत. आज हातातले यंत्र क्षणात बेरीज सांगते, फोनवर पैसे येतात-जातात. बेरजेची चूक त्यामुळे कमी झाली. पण लिहायचेच राहिले तर यंत्र काय करील? फोनवर आलेले पैसे दुकानाचे की घरचे, हे त्याला ठाऊक नसते.

लहान धंदा बुडतो तो बहुधा इथेच. गल्ल्यातून घरच्या भाजीला शंभर काढले, लिहिले नाहीत. पाहुणा आला, दुकानातली साखर घरी गेली, लिहिली नाही. वर्षाअखेर दुकानदार म्हणतो, विक्री तर चांगली झाली, मग पैसा गेला कुठे? गेला कुठेच नाही, घरात गेला. म्हणून स्वतःच्या नावाचेही एक पान खतावणीत असावे आणि घरखर्चाला काढलेली प्रत्येक रक्कम त्यावर नावे पडावी. उधारी दिली त्याच घटकेला लिहावी आणि गिऱ्हाईकाला दाखवावी. रोजची शिल्लक रोज मोजावी. आठ दिवसांचे एकदम लिहायला बसणाऱ्याला नाथांसारखी एक रात्र पुरत नाही.

आणि हे सगळे ज्याहून जास्त कसोशीने पाळायला हवे ते म्हणजे देवाच्या कामाचे पैसे. सप्ताहाची वर्गणी, दिंडीची भिशी, मंदिराच्या जीर्णोद्धाराची देणगी. काल्याच्या दिवशी जमाखर्च वाचून दाखवण्याची चाल पुष्कळ गावी आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. जेथे ती मोडली तेथे काय होते ते आपण पाहतो. कोणी खाल्लेले नसते, पण लिहिलेले नसते. मग कुजबुज सुरू होते, दोन तट पडतात, पुढच्या वर्षी एकाच गावात दोन सप्ताह उभे राहतात आणि मृदंग दोन्हीकडे अर्धाच वाजतो. ज्या भल्या माणसाने रात्रंदिवस राबून सप्ताह पार पाडला त्याच्या माथी डाग येतो, तो केवळ एका वहीच्या अभावी. अशा माणसाला कोणी वेळीच सांगायला हवे की बाबा रे, तुझ्या प्रामाणिकपणाची साक्ष तू नाही देऊ शकत, ती कीर्दच देते.

असो. नाथांच्या चरित्राचा शेवट सांगायचा राहिला. उतारवयात त्यांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि त्यांना उमगले की आता वेळ भरत आली. पुढचे काम त्यांनी गावबा या शिष्यावर सोपवले. पुरणपोळीवाचून ज्याला दुसरे काही सुचत नसे असा म्हणून लोक ज्याला हसत, तो हा गावबा. बाकी राहिलेले रामायण त्यानेच पुरे केले. शके १५२१ (इ. स. १५९९), फाल्गुन वद्य षष्ठी. कीर्तन करीत नाथ गोदावरीच्या पात्रात उतरले आणि देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीचीही हीच तिथी, म्हणून नाथांनी ती निवडली असे मानतात.

पैठणला नाथषष्ठीचा सोहळा याच तिथीला भरतो. १९७६ मध्ये पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयालाही नाथसागर हेच नाव आहे. आषाढीला नाथांची पालखी पैठणहून निघते ती आपल्या जिल्ह्यात परंड्यावरून पंढरीला जाते. त्या वेळी दर्शनाला जाणे सगळ्यांना जमते. षष्ठीचे मात्र दुकानदारांना अवघड पडते, कारण ती बहुधा मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद करायचा असतो. आमच्याकडचे काही जुने माळकरी यावर तोड काढतात. माघी वारी करून आले की त्याच आठवड्यात खतावणी उघडतात, रोज रात्री थोडी थोडी बाकी काढतात, आणि षष्ठीच्या आधी मेळ बसवून, पेटीला कुलूप घालून पैठणची गाडी धरतात.